नदीकाठचे क्वार्टरबॅक

१२ जानेवारी १९६९. मायामीच्या ऑरेंज बोल मैदानात अमेरिकन फुटबॉलचा तिसरा सुपर बोल रंगला होता. न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ पंचविशीतला, पांढरे बूट घालून खेळणारा, पत्रकारांचा लाडका आणि जुन्या खोडांचा नावडता. आपणच जिंकणार, अशी हमी त्याने तीन दिवस आधी एका मेजवानीत देऊन टाकली होती आणि जाणकारांनी ती हसण्यावारी नेली होती. समोरच्या बॉल्टिमोर कोल्ट्सचा जॉनी युनायटस पस्तिशीचा, उजवं कोपर दुखावल्यामुळे बाकावर बसलेला. सामना हातचा चाललाय असं दिसल्यावर उत्तरार्धात त्याला आत धाडलं गेलं. कोल्ट्सचा त्या दिवसाचा एकमेव टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) त्यानेच घडवून आणला, पण तोवर फार उशीर झाला होता. जेट्स १६–७ असे जिंकले. त्या १६ गुणांपैकी १० गुण चेंडू लाथेने खांबांच्या मधून मारून मिळालेले, आणि दर वेळी तो चेंडू जमिनीवर धरायला गुडघा टेकून बसलेला माणूस होता बेब परिली, जेट्सचा राखीव क्वार्टरबॅक, वय ३८.

युनायटस पिट्सबर्ग शहरातला. नेमथ बीव्हर फॉल्सचा. परिली रॉचेस्टरचा, म्हणजे बीव्हर नदीच्या काठाने खाली आलं, की ती ओहायो नदीला मिळते तिथलं गाव. दोन संघ, दोन वेगळ्या लीग, मैदान फ्लोरिडातलं, आणि तिन्ही क्वार्टरबॅक पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या एकाच कोपऱ्यातले. याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं, पण यादी इथे थांबत नाही. यंगवुडचा जॉर्ज ब्लांडा, कॉनेल्सव्हिलचा जॉनी लुजॅक, मोनोंगहेलाचा जो मोंटॅना, पिट्सबर्गच्या ओकलंड भागातला डॅन मरिनो, ईस्ट ब्रॅडीचा जिम केली. यांपैकी युनायटस, ब्लांडा, नेमथ, मोंटॅना, केली आणि मरिनो असे सहा जण व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, ते थोडक्यात. अकरा-अकरा गड्यांच्या या खेळात चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं; जमलं नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळाडू डोकी जुळवून उभे राहतात, त्या घोळक्याला हडल म्हणतात. तिथे चाल सांगितली जाते. मग मधला गडी वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो क्वार्टरबॅकच्या हातात पडतो. समोरचे आडदांड गडी अंगावर येऊन आदळायच्या आत, तीन-चार सेकंदांत त्याने ठरवायचं असतं: चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, कोणाकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं. संघात बचावपटू अनेक, धावणारेही दोन-तीन. क्वार्टरबॅक मात्र मैदानावर एकच. ही साधी गोष्ट पुढच्या सगळ्या हकिकतीत लक्षात ठेवायला हवी.

पैसे घेऊन फुटबॉल खेळण्याची सुरुवातही याच मुलखातली. ३ सप्टेंबर १८९५ रोजी लॅट्रोब गावाचा संघ शेजारच्या जनेटशी खेळणार होता, आणि लॅट्रोबच्या नेहमीच्या क्वार्टरबॅकचा त्याच दिवशी बेसबॉलचा सामना होता. ऐन वेळी दुसरा आणायचा कुठून? इंडियाना गावच्या शिक्षक-विद्यालयाचा क्वार्टरबॅक जॉन ब्रॅलियर याला विचारणा झाली. त्याने दहा डॉलर आणि खर्च मागितला, तो मिळाला, आणि लॅट्रोबने सामना १२–० असा मारला. ब्रॅलियर पुढे दंतवैद्य झाला. पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून कित्येक वर्षं त्याचंच नाव घेतलं जाई. मग एका जुन्या क्लबच्या जमाखर्चाचं पान सापडलं. ॲलेगेनी ॲथलेटिक असोसिएशनने १२ नोव्हेंबर १८९२ च्या एका सामन्यासाठी पज हेफेलफिंगर या गड्याला ५०० डॉलर रोख दिल्याची त्यात नोंद होती. मान गेला, तरी तो लांब गेला नाही. तो क्लबही पिट्सबर्गचाच.

ब्रॅलियरच्या काळात चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती. खेळ म्हणजे नुसती रेटारेटी. १९०५ साली मैदानावर इतकी पोरं दगावली, की खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना त्यात लक्ष घालावं लागलं. १९०६ पासून पुढे पास देणं कायदेशीर झालं. त्याच वर्षी पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शाळांनी आपली आंतरशालेय क्रीडा लीग स्थापन केली. तरीही क्वार्टरबॅक लगेच राजा झाला नाही. पुढची तीन दशकं बहुतेक संघांमध्ये त्याचं मुख्य काम इतरांसाठी वाट मोकळी करणं हेच होतं. ८ डिसेंबर १९४० ला शिकागो बेअर्सने विजेतेपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनचा ७३–० असा धुव्वा उडवला, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. बेअर्स ‘टी’ रचनेने खेळत होते. त्यात मधल्या गड्याच्या पाठीशी चिकटून उभा राहणारा क्वार्टरबॅक प्रत्येक वेळी चेंडू आधी स्वतःच्या हातात घेई. दोन-तीन वर्षांत कॉलेजं आणि त्यामागोमाग शाळा या रचनेकडे वळल्या, आणि गावोगाव अशा पोराचा शोध सुरू झाला, ज्याच्याकडे हात आणि डोकं दोन्ही आहे.

पिट्सबर्गच्या आसपास गावं किती होती, याची कल्पना नकाशा पाहिल्याशिवाय येत नाही. उत्तरेकडून ॲलेगेनी आणि दक्षिणेकडून मोनोंगहेला अशा दोन नद्या येतात आणि शहरात मिळून त्यांची ओहायो होते. या तिन्ही नद्यांच्या अरुंद खोऱ्यांत कोळसा, कोक, पोलाद, काच, ॲल्युमिनियम यांचे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. प्रत्येक कारखान्याभोवती एक गाव, गावात पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया, इटली, लिथुएनियातून आलेली कुटुंबं, दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय कामगार, दोन-चार चर्च आणि एक हायस्कूल. आणि हायस्कूलचा फुटबॉल संघ. कोल्हापूरच्या गल्लीबोळांत कुस्तीला जो मान, तो इथे शुक्रवारी रात्री दिव्यांखाली होणाऱ्या शाळेच्या सामन्याला.

इथे इतके क्वार्टरबॅक का झाले, याचं ठरीव उत्तर असं की भट्टीवर आणि खाणीत राबणाऱ्या बापांची पोरं मुळातच कणखर. ऐकायला छान आहे. पण कणखरपणाने बचावपटू घडतात, आणि ते इथे घडलेही. ॲलिक्विपाच्या एकाच शाळेने डॅरेल रेव्हिससारखे कित्येक दिले. क्वार्टरबॅकला त्यापलीकडचं काही लागतं, आणि त्यातली पहिली गोष्ट म्हणजे जागा. हजार-दोन हजार पोरांच्या मोठ्या शाळेतही क्वार्टरबॅक एकच, आणि नदीच्या वळणावरच्या शंभर-दोनशे पोरांच्या शाळेतही एकच. इथे दर चार-पाच मैलांवर वेगळी शाळा, म्हणून वेगळा संघ, म्हणून एका पोराला तरी हडलमध्ये उभं राहून दहा जणांना चाल सांगायची संधी. पुढे काय झालं, ते मात्र त्या पोराच्या हातात फारसं नव्हतं.

जॉनी युनायटसचंच घ्या. लिथुएनियन घर. कोळसा पोचवण्याचा छोटा धंदा करणारा बाप जॉनी पाच वर्षांचा असताना वारला, आणि आईने तो धंदा चालवून मुलं वाढवली. माउंट वॉशिंग्टन टेकडीवरच्या सेंट जस्टिन या चिमुकल्या कॅथलिक शाळेचा तो क्वार्टरबॅक. कॅथलिक घरांतल्या सगळ्या पोरांप्रमाणे त्याचंही स्वप्न नोटर डेम विद्यापीठाचं. त्यांनी पाहिलं आणि अंगाने फारच किरकोळ म्हणून परत पाठवलं. वजन होतं १४५ पौंड, म्हणजे जेमतेम ६६ किलो. पिट्सबर्ग विद्यापीठ घ्यायला तयार होतं, तर प्रवेश परीक्षेत गाडी अडली. शेवटी केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठाने जागा दिली. फुटबॉलच्या नकाशावर तेव्हा त्याला कोणी विचारत नसे.

व्यावसायिक संघांनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडून घ्यायचे, ही ड्राफ्टची पद्धत १९३६ ला सुरू झाली. (त्या वर्षी सर्वांत आधी निवडलेला जे बर्वांगर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही, हा त्या पद्धतीला सुरुवातीलाच मिळालेला प्रसाद.) १९५५ च्या ड्राफ्टमध्ये युनायटसला नवव्या फेरीत, एकशे दुसऱ्या क्रमांकावर त्याच्याच शहराच्या पिट्सबर्ग स्टीलर्सने घेतलं. सराव शिबिर न्यूयॉर्क राज्यातल्या ओलियनला होतं. जिम फिंक्स, टेड मार्किब्रोडा आणि विक ईटन हे आणखी तीन क्वार्टरबॅक तिथे होते, आणि प्रशिक्षक वॉल्ट कीसलिंगला तिघेच हवे होते. एकाही सराव सामन्यात युनायटसला एक पाससुद्धा फेकायला न देता त्याला घरी जायला सांगण्यात आलं. बसचे पैसे दिले होते. ते वाचवायला तो रस्त्यावर अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीने पिट्सबर्गला परतला. लग्न झालेलं होतं, संसार चालवायचा होता. दिवसा बांधकामावर मजुरी आणि आठवड्याला एकदा ब्लूमफिल्ड रॅम्स नावाच्या हौशी-व्यावसायिक संघासाठी खडबडीत मैदानावर फुटबॉल. दर सामन्याला मिळायचे सहा डॉलर. साठ वर्षांपूर्वी ब्रॅलियरने दहा घेतले होते.

पुढच्या वर्षी बॉल्टिमोरचा फोन आला, ७,००० डॉलरचा करार झाला. तिथला पहिला क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून शिकागोविरुद्ध युनायटसला उतरवलं, तर त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने मधेच पकडून थेट टचडाउन केला. कोल्ट्स ५८–२७ असे हरले. एखाद्या अधीर प्रशिक्षकाने तिथेच प्रकरण मिटवलं असतं. वीब युबँकने मिटवलं नाही.

२८ डिसेंबर १९५८ ची यांकी स्टेडियममधली अंतिम लढत अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिली, आणि हा खेळ कॉलेजांच्या सावलीतून बाहेर पडून राष्ट्रीय करमणूक झाला तो तिथून. न्यूयॉर्क जायंट्स १७–१४ ने पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला, आणि कोल्ट्स स्वतःच्या गोलरेषेजवळच अडकलेले. युनायटसने रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन पास फेकले: २५ यार्ड, १५ यार्ड, २२ यार्ड. चाली तो स्वतः ठरवत होता. आजच्यासारखा शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज येत नव्हता. सात सेकंद उरले असताना बरोबरी झाली. मग जादा वेळ, आणि ८० यार्डांची तेरा चालींची चढाई. दोन्ही संघांचे गडी थकलेले, बोचरी थंडी, आणि हा माणूस कामावरची पाळी संपवावी तसा शांतपणे एकेक चाल सांगत होता. कोल्ट्स २३–१७ असे जिंकले. सहा डॉलरवर खेळण्याला तीन वर्षंच झाली होती.

ज्या पोरांना जवळचं विद्यापीठ घेत नसे, त्यांच्यासाठी एक वाट दक्षिणेकडे जात होती. ती पाडली पॉल ‘बेअर’ ब्रायंट या प्रशिक्षकाने. १९४६ ते १९५३ तो केंटकी विद्यापीठात होता. यंगवुडच्या खाणकामगाराचा मुलगा ब्लांडा तिथे त्याच्या हाताखाली खेळला, मागोमाग रॉचेस्टरचा परिली आला. १ जानेवारी १९५१ च्या शुगर बोल या कॉलेज-सामन्यात परिलीच्या केंटकीने ओक्लाहोमाची सलग ३१ विजयांची मालिका तोडली. पुढे ब्रायंट अलाबामाला गेला, तरी पश्चिम पेनसिल्व्हेनियात उत्तम क्वार्टरबॅक मिळतात हे विसरला नाही. १९६० साली बीव्हर फॉल्सच्या शाळेने लॅरी ब्रुनो या प्रशिक्षकाच्या हाताखाली विभागीय विजेतेपद पटकावलं. त्या संघाचा क्वार्टरबॅक नेमथ, बाप पोलाद कारखान्यात, मूळ हंगेरीचं घर. मेरीलँड विद्यापीठाचं त्याचं जवळपास नक्की झालं होतं, पण परीक्षेत गुण कमी पडले. बातमी कळताच ब्रायंटने आपला साहाय्यक हॉवर्ड श्नेलेनबर्गर याला बीव्हर फॉल्सला पाठवलं. श्नेलेनबर्गरही केंटकीला ब्रायंटकडेच खेळलेला. नेमथला घेऊनच तो परतला.

अलाबामाच्या सराव मैदानात ब्रायंटचा एक उंच मनोरा होता. वर उभा राहून तो अख्खा सराव न्याहाळत असे, आणि तिथे जाण्याची कोणाची छाती नव्हती. नवा पोरगा आल्याबरोबर त्याने कर्णा घेऊन त्याला वर बोलावलं. खाली घाम गाळणाऱ्या गड्यांना जे कळायचं ते कळलं. तोच ब्रायंट १९६३ मध्ये शिस्तभंगासाठी याच लाडक्या क्वार्टरबॅकला हंगामाच्या शेवटच्या दोन सामन्यांतून काढूनही मोकळा झाला.

१९६५ मध्ये दोन लीगमध्ये खेळाडूंसाठी ओढाताण चालू होती. नेमथला सेंट लुईसनेही निवडलं आणि न्यूयॉर्क जेट्सनेही. जेट्सने ४,२७,००० डॉलर मोजले. त्यात लिंकन कॉन्टिनेन्टल गाडी आणि भावांना संघात नोकऱ्याही आल्या. गुडघा आधीच गेलेला होता, तरी. जेट्सचा प्रशिक्षक होता वीब युबँक, तोच, ज्याने नऊ वर्षांपूर्वी युनायटसला पहिल्या फजितीनंतरही संघात ठेवलं होतं.

ही वाट सगळ्यांना सारखी खुली नव्हती. न्यू केन्सिंग्टन हे ॲलेगेनीकाठचं ॲल्युमिनियमचं गाव. तिथल्या शाळेने १९४६ आणि १९४७ अशी लागोपाठ दोन विभागीय विजेतेपदं मिळवली, ती विली थ्रोअरच्या हातांच्या जोरावर. त्या संघाला मायामीत खेळायचं बोलावणं आलं. संघाचा क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर ते मागे घेतलं गेलं. थ्रोअर मिशिगन स्टेटला गेला, १९५२ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता, आणि १९५३ मध्ये शिकागो बेअर्सने त्याला घेतलं. १८ ऑक्टोबर १९५३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध पहिल्या क्वार्टरबॅकचं काही जमेना, म्हणून प्रशिक्षक जॉर्ज हॅलसने थ्रोअरला उतरवलं. आधुनिक काळात बेअर्सच्या या व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय. आठपैकी तीन पास जमले, २७ यार्ड झाले, एक प्रतिस्पर्ध्याने पकडला. चढाई गोलरेषेच्या तोंडाशी पोचली आणि हॅलसने त्याला बाहेर बोलावून पुन्हा मूळ क्वार्टरबॅक आत घातला. तो मूळ क्वार्टरबॅक म्हणजे ब्लांडा, थ्रोअरच्याच वेस्टमोरलँड काउंटीतला.

ब्लांडालाही हॅलसने काही फार जपलं नाही. १९४९ मध्ये बाराव्या फेरीत घेतलेल्या या गड्याला शेवटी नुसतं चेंडू मारायच्या कामावर बसवलं. १९५८ च्या हंगामानंतर तो कंटाळून निवृत्त झाला. एका वर्षाने नव्या लीगमध्ये ह्यूस्टनला गेला आणि १९६० व १९६१ ची पहिली दोन विजेतेपदं घेऊन आला. २६ हंगाम खेळून ४८ व्या वर्षी थांबला. हॅलसचा अंदाज चुकला, पण ब्लांडाला दुसरी संधी होती. थ्रोअरला दुसऱ्या हंगामात बेअर्सने ठेवलं नाही. तो कॅनडात खेळला आणि दुखापतीनंतर थांबला. आठ वर्षांनी युनियनटाउनचा सँडी स्टीव्हन्स देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. १ जानेवारी १९६२ च्या रोझ बोलमध्ये मिनेसोटाला जिंकून देऊन तो सामनावीरही झाला. दोन्ही व्यावसायिक लीगनी त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं, पण क्वार्टरबॅक म्हणून खेळवायला कोणी तयार नव्हतं. त्यानेही कॅनडाच गाठलं. या मुलखाने हॉल ऑफ फेमला किती क्वार्टरबॅक दिले याचा हिशेब मांडताना हे दोघे कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न तिथल्या अभिमानी लेखांत सहसा येत नाही.

सत्तरच्या दशकात चित्र बदलायला लागलं होतं. मोनोंगहेलाकाठचं डोनोरा हे गाव १९४८ च्या विषारी धुरक्याने कुप्रसिद्ध झालेलं. जस्ताच्या कारखान्याच्या धुराने त्या ऑक्टोबरात तिथे वीस माणसं दगावली होती. फुटबॉलमध्येही गावाचा दबदबा होता, वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीचा क्वार्टरबॅक आर्नल्ड गलिफा तिथलाच. मोनोंगहेला हे त्याचं शेजारचं, हाडवैरी गाव. कारखाने गेले, पोरं कमी झाली, आणि दोन्ही शाळा एक करून रिंगोल्ड हायस्कूल झालं. दोन क्वार्टरबॅकच्या जागी एक. जो मोंटॅना त्या शाळेचा.

मोंटॅनाचा बाप भट्टीवर नव्हता. तो एका वित्त कंपनीचा व्यवस्थापक. मागच्या अंगणात टायर टांगून त्यातून चेंडू फेकायला लावायचा, हा त्याचा छंद. मुलाला बास्केटबॉलसाठीही शिष्यवृत्ती मिळत होती, पण बटलर गावचा टेरी हॅनराटी नोटर डेमला जाऊन नाव काढून आला होता, आणि जोचा तो आदर्श. नोटर डेममध्ये क्वार्टरबॅकांची रांग, आणि हा त्या रांगेत बऱ्याच मागे. तिथली अखेर मात्र नाट्यमय झाली. १ जानेवारी १९७९ ला डॅलसच्या कॉटन बोलमध्ये गारठ्याने त्याच्या शरीराचं तापमान घसरलं. त्याला आत नेऊन ब्लँकेटांत गुंडाळलं आणि गरम चिकन सूप पाजलं. तोवर ह्यूस्टन ३४–१२ ने पुढे गेलेलं. मोंटॅना परत आला आणि नोटर डेम ३५–३४ असं जिंकलं. इतकं होऊनही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तीन क्वार्टरबॅक त्याच्या आधी गेले. हात पुरेसा जोरकस नाही, असं निवड करणाऱ्यांचं मत. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर घेतलं. चार सुपर बोल त्या हाताने जिंकले.

१९८३ चा ड्राफ्ट तर क्वार्टरबॅकांचाच म्हणून ओळखला जातो. पहिल्या फेरीत सहा गेले, आणि त्यातले दोन या खोऱ्यांतले. ईस्ट ब्रॅडी हे ॲलेगेनीच्या वळणावरचं हजारभर वस्तीचं गाव. तिथल्या जिम केलीला राज्याचं मानाचं विद्यापीठ पेन स्टेट घ्यायला तयार होतं, पण बचावफळीत, लाइनबॅकर म्हणून. केलीने नकार दिला. मायामी विद्यापीठ त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच मागत होतं. तिथे त्याला खेळवणारा प्रशिक्षक हॉवर्ड श्नेलेनबर्गर, अठरा वर्षांपूर्वी बीव्हर फॉल्सहून नेमथला घेऊन गेलेला तोच. नोव्हेंबर १९७९ मध्ये मायामीने केलीला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं ते पेन स्टेटच्याच मैदानावर, आणि पेन स्टेट २६–१० असं हरलं. पुढे बफलो बिल्सला त्याने लागोपाठ चार सुपर बोलपर्यंत नेलं, चारही हरले. बफलोत त्याच्यासाठी हडल न करता झपाट्याने चाली करण्याची पद्धत बसवणारा साहाय्यक प्रशिक्षक होता टेड मार्किब्रोडा, म्हणजे १९५५ च्या शिबिरात स्टीलर्सने ठेवून घेतलेल्या तिघांपैकी एक.

मरिनो तर शहराच्या मधोमध वाढला. शाळा आणि पिट्सबर्ग विद्यापीठाचं मैदान दोन्ही ओकलंडमध्ये, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कॉलेजचं शेवटचं वर्ष जरा वाईट गेलं. ड्राफ्टमध्ये स्टीलर्सची पाळी एकविसाव्या क्रमांकावर आली तेव्हा मरिनो मोकळा होता. त्यांनी बचावफळीतला गेब्रिएल रिव्हेरा घेतला. त्याच ऑक्टोबरमध्ये अपघातात जखमी होऊन रिव्हेरा पुन्हा खेळू शकला नाही. मरिनोला सत्ताविसाव्या क्रमांकावर मायामी डॉल्फिन्सने उचललं. दुसऱ्याच हंगामात, १९८४ मध्ये, त्याने ५,०८४ यार्डांचे आणि ४८ टचडाउनचे पास फेकून विक्रम केला. स्टीलर्सने युनायटसला सोडलं होतं त्याला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती.

होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. माणसं कामाच्या शोधात दक्षिणेला आणि पश्चिमेला गेली, शाळा एकमेकींत मिसळल्या. सेंट जस्टिन हायस्कूल आज नाही, ईस्ट ब्रॅडीचंही नाही. क्वार्टरबॅक नंतरही झाले. जनेटचा टेरेल प्रायर २००८ मध्ये देशातला सर्वाधिक मागणी असलेला शालेय खेळाडू होता, ओहायो स्टेटला गेला, ओकलंड रेडर्सकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळताना एकदा ९३ यार्ड पळाला, आणि अखेर पास पकडणारा खेळाडू म्हणून क्लीव्हलँडकडून खेळला. पण पूर्वीची ती रांग थांबली.

दरम्यान कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये क्वार्टरबॅक घडवण्याचा रीतसर धंदा उभा राहिला. टॉड मरिनोविचच्या बापाने त्याला पाळण्यापासून आहार-व्यायामाच्या वेळापत्रकात बांधून वाढवलं. १९९१ मध्ये रेडर्सने त्याला चोविसाव्या क्रमांकावर घेतलं, ब्रेट फार्व्हच्या नऊ जागा आधी, आणि दोन हंगामांत त्याची कारकीर्द आटोपली. तरी धंदा थांबला नाही. आता खासगी प्रशिक्षक असतात, बचावफळीतले आडदांड गडी वगळून उन्हाळ्यात सात-सात जणांचे सामने होतात, १९९९ पासून निवडक शालेय क्वार्टरबॅकांचं ‘एलिट ११’ शिबिर भरतं. २०१८ पासून कॉलेज बदलणं सोपं झालं आणि १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे पैसे कमावता येऊ लागले. नेमथला गाडी मिळायला कॉलेजची चार वर्षं घालवावी लागली होती. आता ती कॉलेजातच मिळू शकते. इतकी चाळणी लावूनही २०२२ मध्ये २६२ खेळाडूंत अगदी शेवटी, उरलासुरला म्हणून निवडलेला ॲरिझोनाचा ब्रॉक पर्डी दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलमध्ये घेऊन गेला.

त्याच ड्राफ्टमध्ये विसाव्या क्रमांकावर पिट्सबर्ग स्टीलर्सची पाळी होती. पिट्सबर्ग विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केनी पिकेट अजून मोकळा होता. विद्यापीठाचा आणि स्टीलर्सचा सराव एकाच आवारात चालतो, त्यामुळे त्याला पाहायला त्यांना शहराबाहेरही जावं लागलं नव्हतं. मरिनोची आठवण गावात अजून ताजी. या वेळी स्टीलर्सने दारातला क्वार्टरबॅक सोडला नाही. पिकेट मूळचा न्यू जर्सीचा. दोन हंगामांनंतर, मार्च २०२४ मध्ये, स्टीलर्सने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं.